दुखणे थांबले, पण बळ परत आले का?



घरभेटींसाठी धर्मग्रामात फिरताना दोन तक्रारी आमच्या कानावर वारंवार येतात. पहिली शरीराची : "फादर, कंबर अगदी बरी झाली होती. कामाला लागलो आणि पुन्हा धरली." दुसरी मनाची : "फादर, पापांगीकार करून महिना होत नाही तोच पुन्हा तेच पाप. मग जाण्याचा उपयोग काय?" ही दुसरी तक्रार आम्ही प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेली नव्हे. तिथले बोलणे तिथेच राहते. ओसरीवर चहा घेताना, लग्नाच्या मांडवात, प्रार्थना संपल्यावर चपला घालताना लोक हे उघडपणे बोलतात. काही जण तर एवढ्याच कारणाने प्रायश्चित्त संस्काराला येणे थांबवतात. एक वर्ष जाते, पाच वर्षे जातात, आणि पुढे पवित्र कम्युनियनही सुटते.

या दोन तक्रारी आम्हाला एकमेकींच्या बहिणी वाटतात. एकीचे उत्तर समजले की दुसरीचेही समजायला सोपे जाते. म्हणून या रविवारच्या अभ्यासात आपण शरीरातील छोट्या, आधार देणाऱ्या स्नायूंची ओळख करून घेऊ, त्यांना बळकट करण्याचे साधे व्यायाम पाहू आणि श्रद्धाजीवनातही असे छोटे स्नायू कोणते आहेत त्याचा विचार करू.

१. दिसणारे स्नायू आणि न दिसणारे स्नायू

ताकद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फुगलेले दंड आणि रुंद छाती येते. पण आपल्या गावाकडे पाहा. २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आला. आपल्या गावातील सिनेमावेड्या मंडळींनी स्वतःचा सुपरमॅन कसा चितारला त्याची ती कहाणी आहे. त्यातला सुपरमॅन झालेला कलाकार अंगाने काटकुळा, यंत्रमागावर राबणारा कामगार होता. लोक हसले, आणि प्रेमानेही हसले. पण क्षणभर विचार करा. यंत्रमागापुढे बारा-बारा तास उभे राहण्यासाठी कोणते स्नायू लागतात? कांदा लागवडीच्या दिवसांत आपल्या कसमादे भागातील माता-भगिनी सकाळपासून वाफ्यात वाकलेल्या असतात. त्यांना कोण सावरून धरते? दंडाचे स्नायू नव्हेत. आरशात कधीच न दिसणारे, मणक्यांना, खुब्याला आणि खांद्याला चिकटून असलेले छोटे स्नायू हे काम करतात.

खांद्याचे उदाहरण घेऊ. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत टेकवलेला मोठा चेंडू. सांधा असा उथळ असल्यामुळेच आपला हात चहूकडे फिरतो, आणि त्याच कारणाने तो निसटण्याचा धोकाही असतो. त्या चेंडूला बशीत धरून ठेवण्याचे काम सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार छोटे स्नायू करतात. चौघांना मिळून डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. वरचा मोठा स्नायू हात उचलतो, हे चौघे सांधा जागेवर ठेवतात. हे चौघे दुबळे झाले तर मोठा स्नायू कितीही बळकट असो, हात वर करताना खांदा दुखू लागतो.

आपल्या जुन्या तालमींतील वस्तादांना ही गोष्ट अनुभवाने माहीत असावी. म्हणून जोर आणि बैठकांच्या जोडीला ते मुद्गल फिरवायला लावत. मुद्गल फिरवताना खांदा सर्व दिशांनी काम करतो आणि सावरायलाही शिकतो. हा व्यायाम इंग्रजांनी हिंदुस्थानात पाहिला आणि युरोपात नेला. १९०४च्या सेंट लुइस आणि १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर मुद्गलासारखी लाकडी गदा फिरवण्याची स्पर्धाही झाली.

खुब्याचे तसेच आहे. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाजूचा ग्लुटियस मिडियस हा स्नायू तिला तोलून धरतो. तो दुबळा असला की माणूस चालताना डुलतो. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदांनी १८९५ साली हे लक्षण वर्णन केले आणि आजही डॉक्टर ते त्यांच्याच नावाने ओळखतात.

आणि कंबर? आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर होडी वल्हवायला शिकले. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी नौकानयनात तेरावे आले. इंडोनेशियातील २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीतून त्यांनी भारतासाठी सुवर्णपदक मिळवले. वल्हे हातात दिसते खरे, पण त्याचा मोठा जोर पायांतून येतो. तो जोर हातांपर्यंत पोचतो तो कमरेतून आणि पाठीतून. मधला भाग ढिला पडला की पायांचा जोर वाटेतच वाया जातो.

२. दुखणे गेले तरी स्नायू परतत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पाठीच्या कण्याला लागून, मणक्यामणक्याला जोडणारा मल्टिफिडस नावाचा स्नायू आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी या स्नायूविषयीची एक पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्यांदाच कंबर धरलेले एकोणचाळीस रुग्ण त्यांनी तपासले. ज्या बाजूला दुखत होते त्या बाजूचा मल्टिफिडस बारीक झालेला आढळला. साधारण चार आठवड्यांत बहुतेकांचे दुखणे थांबले. ते चालू-फिरू लागले, कामाला लागले. पण ज्यांनी केवळ औषध आणि सल्ला घेतला होता, त्यांचा तो स्नायू दहा आठवड्यांनंतरही पूर्वीसारखा भरला नव्हता. ज्यांना त्या स्नायूचा खास व्यायाम शिकवला होता त्यांचा भरून आला होता.

संशोधकांनी या मंडळींचा पुढेही माग ठेवला. २००१ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, पहिल्या वर्षभरात व्यायाम केलेल्यांपैकी तीस टक्के लोकांना पुन्हा कंबरदुखी झाली, तर व्यायाम न केलेल्यांपैकी चौऱ्याऐंशी टक्क्यांना झाली. पाहणी लहान होती हे खरे, आणि पाठीसाठी हाच एक व्यायाम चालतो असेही नाही. नियमित केलेले इतरही व्यायाम हितकारक ठरतात असे पुढच्या अभ्यासांतून दिसले आहे. पण त्या पाहणीतील एक गोष्ट विसरू नये अशी आहे : दुखणे थांबणे ही एक गोष्ट आणि बळ परत येणे ही दुसरी गोष्ट. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही.

घरभेटीत ऐकलेल्या पहिल्या तक्रारीचे उत्तर इथे आहे. दुखणे थांबले की आपण म्हणतो, "झालो बरा." आणि दुसऱ्याच दिवशी कांद्याची गोणी उचलतो. वेदना गेलेली असते, पण मणक्याला धरणारा हात अजून दुबळाच असतो.

३. क्षमा पूर्ण मिळते, मग दुबळेपणा का उरतो?

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरू प्रभूच्या नावाने पापक्षमेचे शब्द उच्चारतात तेव्हा क्षमा मिळते, आणि ती पूर्ण मिळते. अर्धी नाही, उधारीवर नाही. या बाबतीत कोणीही मनात किंतु ठेवू नये. मग तोच मोह आठवड्याभरात पुन्हा दाराशी का उभा राहतो?

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५५१ साली प्रायश्चित्त संस्काराची शिकवण मांडताना, आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने परिच्छेद १४५९ मध्ये एक भेद स्पष्ट केला आहे. क्षमा पाप दूर करते. पण पापाने जी मोडतोड केली, जी सवय लावली, जो दुबळेपणा मागे ठेवला, तो सगळा क्षमेबरोबर लगेच नाहीसा होतोच असे नाही. पापातून उठलेल्या माणसाला अजून पूर्ण आध्यात्मिक आरोग्य मिळवायचे असते. चोरलेले परत करायचे असते. ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळायचे असते. आणि स्वतःच्या दुबळ्या झालेल्या इच्छाशक्तीला पुन्हा बळ आणायचे असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिओलॉजी' या ग्रंथात विचारात घेतला. पापक्षमेनंतरही जुन्या सवयींचे अवशेष राहू शकतात, पण ते आता दुबळे झालेले असतात, माणसावर राज्य करू शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. दाखला म्हणून ते शुभवर्तमानातील दोन आजारी माणसांकडे बोट दाखवतात. पेत्राच्या सासूला प्रभूने बरे केले तेव्हा ती तत्काळ उठली आणि पाहुण्यांची सेवा करू लागली (लूक ४:३९). बेथसैदाच्या आंधळ्याला मात्र प्रभूने टप्प्याटप्प्याने बरे केले (मार्क ८:२२-२६). पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे दिसली, पण चालत्या झाडांसारखी. प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवले तेव्हा सगळे स्वच्छ दिसू लागले.

पहिल्या स्पर्शानंतर तो आंधळा निराश होऊन घरी निघून गेला असता तर? "या गुरूच्या हातात काही नाही," असे म्हणाला असता तर? तो थांबला. जे जसे दिसते तसे त्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि दुसऱ्या स्पर्शासाठी प्रभूसमोर उभा राहिला. जे बंधू-भगिनी "पुन्हा तेच पाप" म्हणून संस्कारापासून दूर राहिले आहेत, त्यांना आम्ही हेच सांगू इच्छितो : तुमची क्षमा खोटी नव्हती. तुमचा पश्चात्तापही खोटा नव्हता. तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्शाच्या मध्ये उभे आहात. तिथून निघून जाऊ नका. किती वेळा क्षमा करायची, असे पेत्राने विचारले तेव्हा प्रभूने मोजदादच मोडीत काढली (मत्तय १८:२१-२२). आपल्याला जी मोजदाद त्याने शिकवली नाही, ती तो स्वतः आपल्याविरुद्ध कशी ठेवील?

आणि आता प्रायश्चित्ताचा अर्थही ध्यानात येईल. पापांगीकारानंतर धर्मगुरू सांगतात त्या दोन-तीन 'नमो मरिया' आपण बाकावर टेकण्याआधीच उरकून टाकतो, जणू ती दंडाची पावती आहे. प्रायश्चित्त ही क्षमेची किंमत नव्हे. तो बरे होणाऱ्या माणसाला सांगितलेला व्यायाम आहे. म्हणूनच ते प्रार्थनेचे असू शकते, दानाचे, शेजाऱ्याच्या सेवेचे किंवा एखाद्या त्यागाचेही असू शकते. ज्या जागी दुबळेपणा आहे त्या जागी ते काम करते.

इथे एक सावधगिरी हवी. पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या शिक्षकाची शिकवण पसरली. माणूस आपल्याच प्रयत्नाने निष्पाप राहू शकतो असे ती सांगे. संत ऑगस्टीन यांनी तिला ठाम विरोध केला आणि ख्रिस्तसभेने ती नाकारली. व्यायामाने स्नायू बळकट होतो, पण स्नायू मुळात जिवंत असावा लागतो. ते जीवन म्हणजे कृपा, आणि कृपा ही देणगी आहे. आधी कृपा, मग व्यायाम, आणि व्यायाम करण्याची इच्छाही कृपेचीच.

४. शरीरासाठी चार व्यायाम

संत पौल तिमथ्याला लिहितात की शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा आहे, भक्तीचा मात्र सर्व बाबतींत आहे (१ तिमथ्य ४:८). थोडा असला तरी उपयोग आहेच, आणि शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे (१ करिंथ ६:१९). मंदिराची डागडुजी करणे हे भक्तीविरुद्ध नाही. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, आणि पासष्ट वर्षांपुढील मंडळींनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. पुढील व्यायामांना जिमची गरज नाही.

• खांदा : कोपर काटकोनात वाकवून कुशीला चिकटवा. मध्ये घडी केलेला टॉवेल धरा. रबरी पट्ट्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरे हातात घ्या. कोपर न हलवता हाताचा पंजा सावकाश बाहेर न्या, तितक्याच सावकाश परत आणा. प्रत्येक हाताने दहा ते पंधरा वेळा.

• पाठ : सतरंजीवर हात आणि गुडघे टेकून घोडा होतो तसे व्हा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. पाच ते दहा सेकंद थांबा, मग बाजू बदला. पाठ मध्ये खचू देऊ नका. दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा.

• खुबा : कुशीवर झोपा. वरचा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, क्षणभर धरा, हळू खाली आणा. आजी-आजोबांनी हाच व्यायाम उभे राहून, खुर्चीच्या पाठीला धरून करावा.

• पाय आणि घोटा : भिंतीजवळ उभे राहून एक पाय उचला आणि दहा सेकंद तोल सांभाळा. नंतर दोन्ही टाचा उचलून हळू खाली टेकवा. स्वयंपाकघरात दूध तापेपर्यंतही हा व्यायाम होतो.

तीन नियम लक्षात ठेवा. वजन हलके ठेवा, कारण भार फार झाला की मोठे स्नायू पुढे येतात आणि छोट्यांचे काम स्वतःच करून टाकतात. हालचाल सावकाश करा आणि श्वास रोखू नका. आणि एका दिवशी तासभर करून पंधरा दिवस विसरण्यापेक्षा एक दिवसाआड दहा मिनिटे करा. व्यायाम करताना तीव्र कळ आली, पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. दुखणे अंगावर काढणे म्हणजे सहनशीलतेचा सद्गुण नव्हे.

५. श्रद्धेसाठी चार व्यायाम

आपल्या श्रद्धेचेही मोठे, दिसणारे स्नायू आहेत. रविवारची पवित्र मिस्सा, पवित्र शुक्रवारचा क्रूसाचा मार्ग, नाशिकरोडच्या बाळ येशूची फेब्रुवारीतील यात्रा. हे हवेतच. मिस्साबलिदान तर आपल्या जीवनाचा उगम आहे. पण सोमवारी सकाळी दुकानात, मागावर किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये तोल जातो तेव्हा आपल्याला सावरतात त्या छोट्या सवयी. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या प्रसिद्ध पुस्तकाला 'आध्यात्मिक व्यायाम' हेच नाव दिले. पोप तिसरे पौल यांनी १५४८ साली त्या पुस्तकाला मान्यता दिली. चालणे-धावणे हा जसा शरीराचा व्यायाम, तसा प्रार्थना आणि आत्मपरीक्षण हा आत्म्याचा व्यायाम, अशी तुलना त्यांनी सुरुवातीलाच केली आहे.

पहिला व्यायाम, एक श्वास. क्वीन्सलँड विद्यापीठातूनच १९९६ साली आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. निरोगी माणूस हात हलवतो तेव्हा हात हलण्याच्या क्षणभर आधी पोटाचा खोलवरचा स्नायू आवळला जातो आणि कण्याला आधार देतो. जुनी कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. आपल्या रागाचेही तसेच आहे. शब्द आधी सुटतो आणि प्रार्थना नंतर जागी होते. संत याकोब ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असण्यास सांगतात (याकोब १:१९). घराचा उंबरठा ओलांडताना, फोन उचलताना, मुलाच्या निकालपत्रावर बोलण्यापूर्वी एक श्वास घ्या आणि मनात येशूचे नाव घ्या. एवढेच.

दुसरा व्यायाम, एकाच दोषाची वही. संत इग्नेशियस सुचवतात की सगळे दोष एकदम हाती घेऊ नका, एकच घ्या. त्या दोषात दिवसभरात किती वेळा पडलो त्याचे ठिपके वहीतील रेघेवर मांडा आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहा. ठिपके पाहून लाजण्यासाठी नव्हे, तर प्रभूला नेमकी जागा दाखवण्यासाठी. कंबर दुखते म्हणणाऱ्याला डॉक्टरही विचारतात, "नेमके कुठे?"

तिसरा व्यायाम, कोणाला न दिसणारे एक काम. डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने दान करण्याची शिकवण प्रभूने दिली आहे (मत्तय ६:३-४). दिवसातून एक चांगले काम असे करा की ज्याचे आभार मानायला कोणी उरणार नाही. एका पायावर उभे राहण्यासारखेच हे आहे. कौतुकाचा आधार काढून घेतल्यावर आपण किती वेळ उभे राहतो ते समजते.

चौथा व्यायाम, परत जाणे. ज्याला बोललो त्याच्याकडे, ज्याचे देणे लागतो त्याच्याकडे, ज्या भावाशी बांधावरून अबोला आहे त्याच्याकडे. पहिल्या दिवशी मिठी मारायला जाऊ नका, तो भार फार होईल. पहिल्या दिवशी फक्त "कसा आहेस?" एवढे विचारा.

नियम तेच. हलके, सावकाश, नियमित. एखादा दिवस चुकला तर व्यायाम संपला असे नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी अंथरायची. आणि शरीराच्या बाबतीत जसे डॉक्टर, तसे काही बाबतींत इथेही मदत लागते. दारूचे किंवा जुगाराचे व्यसन केवळ शपथेने सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये. संस्काराबरोबर उपचारही घ्यावेत आणि व्यसनमुक्तीसाठी झटणाऱ्या गटाचा आधारही घ्यावा. ते श्रद्धेचे अपयश नव्हे.

६. धर्मग्राम हेही एक शरीर

संत पौलांनी करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीराचा दृष्टान्त दिला. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या क्रीडास्पर्धा भरत. तिथल्या लोकांना पैलवानांची शरीरे चांगली परिचयाची होती. अशा लोकांना ते सांगतात की शरीराचे जे अवयव दुर्बळ भासतात तेच अत्यावश्यक असतात (१ करिंथ १२:२२). इफिसकरांना ते लिहितात की प्रत्येक सांध्याच्या आधाराने, प्रत्येक भाग आपापले काम करीत असताना, सगळे शरीर प्रेमात वाढते (इफिस ४:१६).

आपल्या मंदिरात शनिवारी सायंकाळी झाडलोट कोण करते, वेदीवरची वस्त्रे कोण धुते, गल्लीतील जपमाळेला चार डोकी जमावीत म्हणून दारोदार कोण जाते, हे रविवारी दिसत नाही. पण हे हात थांबले तर धर्मगुरूंचे उपदेश कितीही दणकट असोत, शरीर कलंडेल. यंत्रमागाच्या ताण्यातील एक धागा तुटलेला राहिला की कापडभर रेघ उमटते, हे मालेगावकरांना आम्ही काय सांगावे?

२०११च्या जनगणनेत मालेगावची लोकसंख्या साडेचार लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यात आपण मूठभर. कधी कधी तरुण विचारतात, "एवढ्याशा आपल्याने काय होणार?" छोट्या स्नायूने हाच प्रश्न विचारला तर? त्याचे काम वजन उचलून दाखवण्याचे नसतेच. शेजाऱ्याच्या दुःखात आधी पोचणारे, दिलेला शब्द पाळणारे, दोन समाजांत तणाव असताना अफवा पुढे न पाठवणारे असे एक घरही गल्लीला सावरून धरते.

आणि जो स्वतः थकला आहे त्याच्यासाठी मोशेची गोष्ट आहे (निर्गम १७:८-१३). अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलाचा जय होई. हात खाली आले की पराभव. एवढा मोठा देवाचा माणूस, पण खांदे माणसाचेच होते. ते भरून आले. तेव्हा त्याला दगडावर बसवण्यात आले आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. हूरचे नाव पवित्र शास्त्रात फारसे येत नाही. पण त्या दिवशी तो नसता तर? आपल्यात असा कोणी थकलेला असेल, संस्कारापासून दूर गेलेला, तर त्याला उपदेश करण्याआधी बसायला दगड द्या आणि त्याचा हात धरा. तो स्वतः यायला संकोचत असेल तर त्याच्याबरोबर मंदिरापर्यंत चालत या आणि बाहेरच्या बाकावर त्याची वाट पाहा.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा गल्लीतील प्रार्थनागटात चर्चा करावी)

१. माझ्या जीवनात कोणते दुखणे थांबले आहे, पण बळ अजून परत आलेले नाही?
२. मागच्या पापांगीकारात मिळालेले प्रायश्चित्त मी व्यायाम म्हणून केले की दंड म्हणून?
३. आपल्या धर्मग्रामात कोणाच्या न दिसणाऱ्या कामावर मी उभा आहे? त्याचे आभार मी कधी मानले?
४. या आठवड्यात मी कोणासाठी हूर होऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्या शरीरात लपलेले छोटे स्नायू निर्माण केलेस आणि त्यांच्यावर आमचा सगळा भार सोपवलास. आम्ही तुझ्या क्षमेने उठलो आहोत, पण आमचे पाय अजून लटपटतात. आम्हाला पुन्हा स्पर्श कर. लहान गोष्टींत विश्वासू राहण्याचे धैर्य दे, पडलो तर परत येण्याची नम्रता दे, आणि थकलेल्या भावाबहिणीचा हात धरण्याचे बळ दे. आमेन.